चालतंय म्हणजे काय?

ऑफिसात मला सासूबाई म्हणतात. तोंडावर कुणी म्हणत नाही, पण एकदा त्यांच्या आपापसातल्या ग्रुपवरचा मेसेज चुकून मला आला होता: 'सासूबाई उद्या रजेवर, सगळं पटापट पास करून घ्या.' मी रजा रद्द केली आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी जाऊन बसले.

माझं कामच तसं आहे. दुसऱ्यांनी सॉफ्टवेअर बनवायचं आणि मी त्यात खोट काढायची. फोन नंबर विचारला असेल तिथे मी नाव लिहिते, जन्मतारीख पुढच्या वर्षीची देते, एकच बटण सतरा वेळा दाबते आणि मध्येच इंटरनेट बंद करून गंमत बघत बसते. "पण असं कोण करतं?" प्रोग्रामर कळवळून विचारतात. "मी केलं ना आत्ता," एवढंच मी सांगते. अकरा वर्षांत माझी सही होऊन बाहेर गेलेलं एकही काम परत आलेलं नव्हतं, आणि ह्याचा मला गर्व होता. होता म्हणजे होताच, उगाच विनयाचा आव कशाला आणू?

माझ्या खोलीत एका शब्दाला बंदी आहे. 'चालतंय.' मी विचारायचं, "काय रे, चालतंय का?" आणि समोरच्याने म्हणायचं, "चालतंय." आता ह्याचा अर्थ काय घ्यायचा? यंत्र नीट चालतंय, की असू दे, भागवून घेऊ? प्रोग्रामर पहिल्या अर्थाने विचारतो, गिऱ्हाईक दुसऱ्या अर्थाने उत्तर देतं आणि दोघंही खूश होऊन घरी जातात. म्हणून माझ्या अहवालात तीनच गोष्टी लिहायच्या: काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. 'चालतंय' लिहिलेला कागद मी वाचतसुद्धा नाही.

आणि ह्या सगळ्याचा सूड म्हणून की काय, देवाने मला घरी जी खरी सासू दिली, तिच्या तोंडात दुसरा शब्दच नाही.

आई चौऱ्याहत्तर वर्षांच्या. तीस वर्षं त्यांनी कपड्यांच्या कारखान्यात शर्टांना बटणं लावायच्या मशीनवर काम केलं. सासरे गेल्यावर, म्हणजे दोन वर्षांपूर्वी, त्या आमच्याकडे राहायला आल्या. मैत्रिणी आपापल्या सासवांच्या कहाण्या सांगायच्या तेव्हा मी गप्प बसायचे, कारण माझ्याकडे सांगण्यासारखं काहीच नव्हतं. आई, चहात साखर टाकायची राहिली. चालतंय. आई, उद्या आम्ही तिघं बाहेर जातोय, तुम्हाला एकटीला जेवावं लागेल. चालतंय. आल्या आल्या त्यांना रस्त्याकडची, मोठ्या खिडकीची खोली दिली होती. चारच महिन्यांत लेकीचं दहावीचं वर्ष सुरू झालं. मी भाजी चिरता चिरता विचारलं, "आई, तुम्ही मागच्या खोलीत गेलात तर चालेल का?" मागच्या खोलीच्या खिडकीतून शेजारच्या इमारतीची भिंत दिसते आणि त्या भिंतीवरचा एक पाइप दिसतो. आई हसल्या आणि म्हणाल्या, "चालतंय." त्याच रविवारी आम्ही पलंग हलवला. अशी सासू मिळायला नशीब लागतं, असं मी जगभर सांगत फिरले.

तर त्या महिन्यात आमच्याकडे कान तपासायचं सॉफ्टवेअर आलं होतं. एक संस्था वृद्धाश्रमांत जाऊन ज्येष्ठांचे कान तपासणार होती. डोक्यावर हेडफोन, हातात टॅबलेट. बारीक-मोठे वीस आवाज येतात, ऐकू आला की हिरवं बटण दाबायचं. ज्याचा निकाल 'उत्तम', त्याला घरी पाठवायचं. ज्याचा कमी, त्याला डॉक्टरकडे. सोमवारपासून चाळीस टॅबलेट निघणार होते.

हे सॉफ्टवेअर लिहिलं होतं आमच्या जावयाने. जावई म्हणजे ऑफिसातला सगळ्यात हुशार प्रोग्रामर. साहेब त्याचे इतके लाड करतात की मीच त्याला हे नाव ठेवलं. त्यांनी मला सासूबाई म्हणायचं आणि मी काय गप्प बसायचं? जावयाचं काम होतंही नीटनेटकं. मी आठवडाभर त्याच्या मागे लागले होते. आवाज आला आणि दाबलं, तर एक गुण. आवाज आला आणि नाही दाबलं, तर शून्य. दोनदा दाबलं तर एकच गुण. मध्येच फोन आला तर चाचणी थांबते. सगळं बरोबर. फक्त एकच खुटखुट होती: ऑफिसात पन्नाशीच्या वरचं कुणी नव्हतं. आमचे सगळ्यांचे कान शाबूत.

म्हणून बुधवारी मी टॅबलेट घरी आणला. खरं सांगायचं तर मनात दुसरंही होतं. आई हल्ली टीव्हीचा आवाज फार वाढवायच्या आणि लेकीने मागून हाक मारली तर वळायच्या नाहीत. मी नवऱ्याला दोनदा म्हटलं होतं, "आईंचे कान दाखवून आणू या." तो आईला विचारायचा, "आई, नीट ऐकू येतं ना?" आई म्हणायच्या... आता काय म्हणायच्या ते मी वेगळं सांगायला नको.

आईंनी हेडफोन चढवला, पाठ ताठ केली आणि परीक्षेला बसल्यासारखा चेहरा केला. सूचना त्यांनी स्क्रीनवर दोनदा वाचल्या. मग सुरू झाल्या आणि टकाटक बटण दाबत गेल्या. एकही चुकलं नाही. वीसपैकी वीस. 'श्रवणशक्ती उत्तम.' मला स्वतःला अठरा आले होते.

"बघ!" नवरा म्हणाला. "आईचे कान माझ्यापेक्षा तिखट आहेत. तुला प्रत्येक गोष्टीत खोट दिसते."

मला हायसं वाटलं. गुरुवारी दुपारी मी अहवालावर सही केली. जावयाने मला कधी नव्हे ते स्वतः जाऊन कॉफी आणून दिली.

त्याच संध्याकाळी मी जिना चढून वर आले तर आमच्या दारात पार्सलवाला उभा. बेल दाबतोय, थांबतोय, परत दाबतोय. "घरात कुणी नाहीये वाटतं, ताई. पाच वेळा वाजवली," तो म्हणाला. मी पार्सल घेतलं, किल्लीने दार उघडलं. बेलच्या बरोबर खाली, खुर्चीत बसून, आई वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवत होत्या. मी पुढे येऊन उभी राहिले तेव्हा त्यांनी मान वर केली आणि गोड हसल्या. "आलीस का? दमलीस?"

वीसपैकी वीस घेणारी बाई डोक्यावरची बेल ऐकत नाही. म्हणजे दोनपैकी एक खोटं होतं, आणि बेल खोटं बोलत नाही.

मी पर्ससुद्धा खाली न ठेवता टॅबलेट काढला. "आई, कालचा खेळ परत?" मी हाताने खूण करून विचारलं. त्या तयारच. हेडफोनच्या वायरीवर आवाज कमी-जास्त करायचं एक छोटं चाक असतं. ते मी गुपचूप फिरवून पार शून्यावर नेलं आणि आधी स्वतःच्या कानाला लावून बघितलं. शांत. मग आईंच्या डोक्यावर चढवला आणि समोर बसले.

आई बटण दाबायला लागल्या. कानात काहीही नाही, आणि बाई हसतमुखाने दाबतायत. टक. टक. टक. न चुकता, एका लयीत. पायाचा अंगठा जमिनीवर हलत होता. स्क्रीनवर निकाल उमटला: वीसपैकी वीस, श्रवणशक्ती उत्तम.

"आई, काही ऐकू आलं का?" मी विचारलं.

"चालतंय," आई म्हणाल्या.

मी वर्तमानपत्र ओढलं आणि समासात मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'आवाज बंद होता. मग बटण का दाबलंत?'

आईंनी वाचलं. चोरी पकडल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. "अगं, काल पहिले दोन आले मोठे. मग नाही आले. पण तू इतक्या आशेने बघत होतीस! मला वाटलं, मी नाही दाबलं तर तुझं मशीन बिघडलंय असं व्हायचं. आणि ते पहिल्या दोघांवरून कळलं की, तीन मोजले की येतं. एक, दोन, तीन, दाब. बटणाच्या मशीनवर तीस वर्षं हेच केलंय मी. तिथेसुद्धा खडखडाटात काही ऐकू यायचं नाही, पायाला कळायचं."

मी डोक्याला हात लावला. जावयाने आवाज बरोबर तीन-तीन सेकंदांनी ठेवले होते, आणि ते मला आठवड्यात एकदाही खटकलं नव्हतं. ऐकून दाबणारा मी तपासला. ऐकूनही न दाबणारा तपासला. न ऐकता दाबणारा माझ्या डोक्यातच आला नाही. जगात सगळे लबाड, आळशी नाहीतर धांदरट असतात असं धरून मी काम करते. दुसऱ्याला वाईट वाटू नये म्हणून बटण दाबणारं माणूस माझ्या यादीत कुठेच नव्हतं. आणि वृद्धाश्रमांत अशी किती असतील! त्या सगळ्यांना आम्ही 'उत्तम' असा कागद देऊन आपापल्या शांततेत परत पाठवणार होतो. वर त्या कागदाच्या मागे माझी सही.

शुक्रवारी सकाळी मी साहेबांना सांगितलं, "सही मागे घेतेय."

साहेबांच्या अंगाचा तिळपापड झाला. "सोमवारी चाळीस टॅबलेट निघतायत! काल पास केलंत ना?"

"काल चुकले."

हे दोन शब्द अकरा वर्षांत मी पहिल्यांदा बोलले. पलीकडच्या टेबलांवरचे कीबोर्ड एकदम थांबले.

जावई तावातावाने आला. "पण स्क्रीनवर स्पष्ट लिहिलंय, आवाज आला तरच बटण दाबा. ऐकू न येता कोण दाबेल? असं कोण करतं?"

"थांब," मी म्हटलं, "बोलावते."

आईंना मी बरोबरच घेऊन आले होते. त्या बाहेर सोफ्यावर बसून रिसेप्शनिस्टला शर्टाचं सैल झालेलं बटण कसं पक्कं करायचं ते शिकवत होत्या. त्यांना मीटिंगच्या खोलीत आणलं, मागोमाग रिसेप्शनिस्टही आली. हेडफोनचं चाक मी सगळ्यांसमोर शून्यावर नेलं आणि आधी साहेबांच्या कानाला लावला. साहेबांनी मान हलवली, काही नाही. मग आईंना लावला. त्यांना सकाळीच लिहून सांगितलं होतं, कालच्यासारखंच करा.

आईंनी केलं. टक, टक, टक. दहाव्या आवाजाला साहेब खुर्चीतून पुढे झुकले. पंधराव्याला जावयाची बोटं नकळत टेबलावर तोच ठेका धरायला लागली, आणि ते लक्षात येताच त्याने हात खिशात घातला. वीसपैकी वीस. श्रवणशक्ती उत्तम.

साहेबांनी घसा साफ केला आणि आईंना मोठ्याने, अगदी आदराने विचारलं, "आजी, आमचं सॉफ्टवेअर कसं वाटलं?"

"चालतंय," आई म्हणाल्या.

आधी रिसेप्शनिस्ट फुटली, मग सगळेच. जावई इतका हसला की त्याचा चष्मा खाली पडला. साहेबसुद्धा हसले, आणि हसता हसताच त्यांनी संस्थेला फोन लावला की आठवडाभर थांबा, कारण भेटल्यावर सांगतो. आईंना काय झालं ते कळलं नाही, पण सगळे खूश आहेत म्हणून त्याही हसत होत्या. त्यांना हसताना बघून माझं हसू मात्र अर्ध्यात थांबलं. दोन वर्षं त्या अशाच हसत असणार, आमच्या प्रत्येक विनोदाला.

जावई कामाला लागला. त्याच्या हुशारीबद्दल मला कधी शंका नव्हती, आणि चूक दाखवली तर तो फुगून बसत नाही हेही मान्य करते. आवाज आता कधी दोन सेकंदांनी, कधी सातने येऊ लागले. मध्येमध्ये त्याने मुद्दाम नुसती शांतता ठेवली. शांततेत दोनदा बटण दाबलं तर निकाल थांबतो आणि सोबतच्या स्वयंसेविकेला सूचना येते: 'ह्यांच्याशी प्रेमाने बोला आणि पुन्हा घ्या.' 'प्रेमाने' हा शब्द त्याने स्वतःच्या मनाने घातला होता. मी खोट काढली नाही. माझ्या तपासण्यांच्या यादीत दोनशे बारावी ओळ वाढली: 'न ऐकता दाबणारी सासू.'

नव्या चाचणीत आईंना वीसपैकी सहा आले. पुढच्याच आठवड्यात डॉक्टरकडे नेलं. कारखान्यातल्या आवाजाने गेलेत, डॉक्टर म्हणाले, वीसेक वर्षांपासून हळूहळू. दोन्ही कानांना शेंगदाण्याएवढी यंत्रं बसली.

त्या दिवसापासून घरात सासूबाई आल्या.

"हा पंखा असा का कुरकुरतो गं? तेल घाल त्याला." "नळ ठिबकतोय, ऐकू येत नाही का तुम्हाला?" नवऱ्याला म्हणाल्या, "तू जेवताना किती मचमच आवाज करतोस! असं शिकवलं होतं मी?" लेकीला म्हणाल्या, "तुझं ते गाणं वाईट नाही, पण त्या बाईला काय दुखतंय एवढं?" आणि मला, स्वयंपाकघरात, थोडं थांबून, "तू फार मोठ्याने बोलतेस. आधी मला वाटायचं, हळू बोलतेस." मी कान पकडले. त्यांनी हसून माझ्या हातावर थाप मारली.

माझ्या कामात एक नियम आहे. मोठी चूक सापडली की आधी पास झालेलं सगळं पुन्हा तपासायचं, कारण काय काय फुकट पास झालंय कुणास ठाऊक. तो नियम घरीही लागू होतो, हे मला एका शनिवारी कपडे वाळत घालताना लक्षात आलं आणि हातातला टॉवेल हातातच राहिला. दोन वर्षांतले सगळे 'चालतंय'! मी वही घेतली आणि आठवतील तेवढे लिहून काढले. सदतीस झाले. मग आईंच्या खोलीत गेले आणि पलंगावर त्यांच्यासमोर बसले.

"आई, जुनं थोडं विचारायचंय. खरं सांगायचं. चहात साखर?"

"कमी पडते. पहिल्यापासून."

"अंघोळीला सगळ्यांत शेवटी नंबर?"

"पाणी गार होतं गं तोवर."

"रोज संध्याकाळी ती मालिका?"

"मला वाटायचं, तुम्हाला आवडते म्हणून लावता! मला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. आता कळतं, तर जास्तच वाईट वाटते."

मी लिहीत गेले. काही खरोखरच पास होते. पोळ्या जाड असल्या तरी त्यांना मनापासून चालत होत्या, आणि एकटीने जेवायला तर आवडत होतं. पण वहीची डावी बाजू भराभर फुल्यांनी भरत होती. शेवटच्या ओळीपाशी मी थांबले. ती मी मुद्दामच शेवटी लिहिली होती. खिडकीतून भिंत दिसत होती आणि भिंतीवरचा पाइप.

"आई, तुम्ही आल्यावर चार महिन्यांनी मी एक विचारलं होतं. भाजी चिरत होते. मागच्या खोलीत गेलात तर चालेल का, असं."

"हे विचारलं होतंस?"

"हो."

"मला वाटलं, तू विचारलंस, पडदे धुवायला काढू का." त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, परत सोडलं. "मग रविवारी पलंग उचलायला लागलात. म्हटलं, असेल काही अडचण. विचारायचं कशाला."

मला रडू आलं. लपवायचं कारण नव्हतं, मी रडले. खोट काढणं हा माझा धंदा, आणि घरातलं एक माणूस दीड वर्षाहून जास्त भिंतीकडे तोंड करून बसलं होतं, तर मी त्याला पास म्हणून चारचौघांत मिरवत होते. मग डोळे पुसले, पेन उघडलं आणि नीट, समोर बसून, मोठ्याने न बोलता विचारलं.

"आई, मागची खोली चालेल का तुम्हाला?"

एक, दोन, तीन मोजून होईल एवढा वेळ गेला, आणि त्याच्याही पुढे गेला. तोंडावर आलेला जुना शब्द त्या परत आत ढकलत होत्या, हे मला दिसत होतं.

"नाही चालणार," त्या म्हणाल्या.

रविवारी आम्ही पलंग परत पुढे आणला. लेकीची दहावी केव्हाच संपली होती, तिने तक्रार न करता टेबल मागे नेलं. संध्याकाळी आई मोठ्या खिडकीपाशी बसल्या आणि बराच वेळ नुसतं रस्त्यावरचं ऐकत होत्या. कुणी सायकलची घंटी वाजवली की मान तिकडे वळत होती. मी चहा घेऊन गेले आणि विचारलं, कसा झालाय.

आईंनी एक घोट घेतला. "पुन्हा साखर कमी."

मी साखरेचा डबाच आणून त्यांच्यासमोर ठेवला.